खेळायच्या वयात गावी

डिसेंबर १९७२. नगरच्या पश्चिमेला सोळा-सतरा किलोमीटर तुम्ही चालत आला आहात आणि वाटेत एकदाही ओली माती पायाला लागलेली नाही. भोवतीचे डोंगर उघडे पडलेत. रस्त्याच्या कडेला बायामाणसं खडी फोडत बसली आहेत. मुकादम हजेरीपुस्तक घेऊन एकेकाचं नाव पुकारतो. दुपारी फडकी सुटतात तेव्हा भाकरीचा रंग तुमच्या नजरेत भरतो. ती लालसर आहे. ही मिलोची भाकरी. परदेशातून जहाजानं आलेली ही ज्वारी रेशनवर मिळते. पोरांच्या ओंजळीत सुकडी आहे आणि पोरं बोटं चाटत ती संपवतात.

"पाव्हणं, कुठलं म्हणायचं?" एक म्हातारी हातोडी खाली ठेवून विचारते.

तुम्ही काय सांगणार? तुम्ही पन्नास वर्षं पुढून आला आहात. या गावात एक दिवस दुधाच्या किटल्या भरून बाहेर जातील आणि गाव पाहायला परदेशातून माणसं येतील, हे तिला सांगितलंत तर ती तुमच्या डोळ्यांत उन्हाची तिरीप गेली असं समजेल. नगरहून आलो म्हणा आणि हिवरे बाजारात शिरा.

हे पैलवानांचं गाव म्हणून पंचक्रोशीला ठाऊक आहे. म्हणून आधी तालमीकडे चला. आखाड्याची लाल माती एरवी ताक, तेल, हळद घालून मऊ ठेवतात. आज ती दगडासारखी घट्ट झाली आहे. पैलवानाला खुराक लागतो, खुराकाला दूध लागतं, दुधाला वैरण आणि वैरणीला पाऊस. साखळीचं शेवटचं टोक तुटलं की पहिलं टोक आपोआप निसटतं. जनावरं बाजारात मातीमोल गेली आणि कसणारी पोरं खडीवर गेली. दुष्काळात विहीर आटते, पीक जळतं हे आपण लिहीत आलो. त्याच वर्षी गावाचा खेळही मरतो, याची नोंद मात्र कुठल्या पैसेवारीत होत नाही.

आता दहा-बारा वर्षं पुढे या. पाऊस परतला आहे, पण गाव परतलेलं नाही. इथं वर्षाला सरासरी चारशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाणी पडतं आणि उघड्या डोंगरावरून ते तासाभरात निघून जातं, सोबत माती घेऊन. डोंगरावरची झाडं मोळ्या होऊन नगरला गेली. कसण्याजोग्या जमिनीपैकी जेमतेम बारा टक्क्यांत काही पिकतं. नव्वद विहिरी आहेत आणि पावसाळा सरला की त्यांच्या तळाला बादली आपटते. जो चालू शकतो तो पुण्या-मुंबईला किंवा आसपासच्या कामांवर निघून जातो.

संध्याकाळ झाली की वाऱ्यावर हातभट्टीचा वास येतो. गावात बावीस भट्ट्या आहेत. कुठल्याशा घरातून भांडणाचा आवाज येतो आणि कुणी दार उघडून बघत नाही, कारण हा रोजचा आहे. शाळा चौथीपर्यंत. सरकारी खात्यात या गावाची बदली म्हणजे शिक्षा, हे इथल्या पोरांनाही कळतं. मास्तर कधी येतात, कधी येत नाहीत. या वासात फार वेळ थांबू नका. तुम्हाला आता पुण्याला जायचं आहे.

पुणे, ऐंशीचं दशक. स्वारगेटजवळचं नेहरू स्टेडियम. पांढऱ्या कपड्यांतली मुलं नेटमध्ये सराव करताहेत आणि बॅटचा आवाज रिकाम्या गॅलरीवर आदळून परत येतो. महाराष्ट्राच्या रणजी संघात जागा मिळावी म्हणून किती गावांची, किती तालुक्यांची पोरं इथं घाम गाळून गेली, त्याची गणती कुणी ठेवलेली नाही. त्या पिढीत हिवरे बाजारचाही एक तरुण आहे. नाव पोपटराव पवार. कॉमर्स घेऊन एम.कॉम. झालेले. त्यांच्या गावात एवढं शिकलेला दुसरा माणूस नाही. क्रिकेटचं वेड आहे, हात चांगला आहे, आणि घरच्यांची इच्छा अशी की पोरानं शहरात राहावं, खेळात नाव काढावं, नाहीतर बरीशी नोकरी धरावी.

ते रणजी खेळले असते का? ते आता कुणालाच ठरवता येणार नाही, आणि त्यावर अंदाज बांधण्यात मला रस नाही. त्या काळात क्रिकेट हे पोट भरण्याचं साधन कसं होतं ते मात्र बघा. लिलाव नाहीत, कोटींचे करार नाहीत. बँक किंवा रेल्वे खेळाडू म्हणून नोकरी देते आणि त्या पगारावर घर चालतं. तरीही खेळाडूची कारकीर्द म्हटली की तिचा एक कायदा असतो, मग तो क्रिकेटचा असो, बास्केटबॉलचा असो की कुस्तीचा: गाव सोडावं लागतं. नगर जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. १९८९ मध्ये श्रीरामपुरात अकरा वर्षांचा एक मुलगा आहे, झहीर खान. तो पुढे मुंबईला जाईल आणि रणजी बडोद्याकडून खेळेल. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दमध्ये जन्मलेला अजिंक्य रहाणे अजून रांगता-चालता आहे. त्याचं क्रिकेट डोंबिवलीत घडेल. दोघांनी देशासाठी मोठं काम केलं, त्यांचा अभिमान जिल्ह्यानं बाळगावाच. पण दोघांचाही रस्ता जिल्ह्याबाहेर जाणारा होता. बाहेरून आत येणारा रस्ता खेळाडूसाठी कुणी आखलेलाच नव्हता.

नोव्हेंबर १९८९. कराचीत वांद्र्याचा एक सोळा वर्षांचा मुलगा पहिली कसोटी खेळतो आहे. ट्रान्झिस्टरभोवती घोळके आहेत. याच हंगामाच्या आगेमागे हिवरे बाजारची तरुण पोरं पोपटरावांकडे एक मागणी घेऊन जातात: तुम्ही सरपंच व्हा.

त्या पोरांच्या मागे जरा उभे राहा. त्यांच्याकडे द्यायला काय आहे? मानधन म्हणावं असं काही नाही, गावात दरारा म्हणावा तर तो भट्टीवाल्यांचा. घरचे नको म्हणताहेत. शिकलेल्या माणसानं परत या धुळीत का यावं, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. मला विचाराल तर सगळ्या गोष्टीतला सर्वांत अवघड क्षण हा आहे. पुढचे चर, बांध, पुरस्कार हे सगळं कष्टाचं आहे, पण त्या कष्टांची दिशा तरी ठरलेली होती. इथं एका बाजूला मैदान आहे, आणि दुसऱ्या बाजूला असं गाव की ज्याला स्वतःवरही भरवसा उरलेला नाही.

पोपटराव हो म्हणतात आणि १९८९-९० मध्ये बिनविरोध सरपंच होतात.

आता ग्रामसभेत बसा. मागच्या रांगेत, भिंतीला टेकून. लोक प्रश्नांचा पाढा वाचताहेत: पाणी, रस्ता, वीज, शाळा, दवाखाना, सरपण. सगळंच नाही, मग सुरुवात कशानं करायची? सुरुवात शाळेनं होते. गावकरी श्रमदान करतात, खोल्या उभ्या राहतात, मास्तरांनी रोज यावं यासाठी गाव मागे लागतं. ही निवड किती शहाणपणाची होती ते पाहा. पाण्याचं काम दिसायला वर्षं लागतात आणि तोवर भांडणं होतात. शाळेची भिंत महिन्याभरात उभी राहते, आणि ती कुणा एकाची नसते.

मग भट्ट्या. इथं तुम्हाला हाणामारी बघायला मिळेल असं वाटत असेल, तर तसं नाही. जो भट्टी बंद करील त्याला दुसरा धंदा हवा. त्यासाठी बँकेचं कर्ज मिळवून दिलं जातं. एकेक करत बावीसच्या बावीस बंद होतात. त्या रात्री गल्लीतून चालून बघा. तोच रस्ता, तीच घरं. भांडणाचे आवाज नाहीत.

१९९२ मध्ये महाराष्ट्र सरकार आदर्श गाव योजना आणतं आणि १९९४ मध्ये हिवरे बाजार त्यात निवडलं जातं. पंचसूत्री पाळावी लागते: नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान. अण्णा हजारेंचं राळेगणसिद्धी शेजारच्याच पारनेर तालुक्यात आहे, म्हणजे वाट माहीत आहे. पण दुसऱ्याच्या गावची वाट आपल्या डोंगरावर आपल्यालाच खणावी लागते.

म्हणून उन्हाळ्यात डोंगरावर चढा. १९७२ ची ती म्हातारी आठवते? तिच्या घरातली माणसं इथं आहेत, हातात टिकाव-फावडी, आणि हजेरीपुस्तकही आहे. त्या दुष्काळानं महाराष्ट्राला एक मोठी गोष्ट दिली होती, रोजगार हमी योजना. तेव्हा भुकेल्या हातांनी खडी फोडली. आता त्याच योजनेच्या मजुरीवर हे हात स्वतःच्या डोंगराला चर पाडताहेत. फरक एवढाच, पण सारं काही त्यात आहे. पूर्वी काम कुठं, कशाचं हे वरून ठरायचं. आता पाच वर्षांचा आराखडा ग्रामसभेनं केला आहे आणि निरनिराळ्या खात्यांना एका डोंगरावर आणून बसवलं आहे.

एक चर नीट बघा. तो उतारावरून खाली जात नाही, उताराला आडवा, एका पातळीत खणलेला असतो. मातीचा भराव खालच्या अंगाला. पावसाचं धावतं पाणी इथं येऊन थांबतं, थांबलं की मुरतं, आणि वाहून जाणारी माती तिथंच राहते. एक चर संपतो तिथून थोडं खाली दुसरा, आधीच्या दोघांमधली फट झाकणारा. असे चाळीस हजारांच्या घरात. काम माथ्याकडून पायथ्याकडे सरकतं, कारण खाली आधी बांध घातला तर वरचा गाळ एका पावसात तो भरून टाकील. खाली ओढ्यांवर मातीचे बावन्न बांध, दगडी बांध, दोन पाझर तलाव. डोंगरावर गुरं सोडायची नाहीत, गवत मात्र विळ्यानं कापून न्यायचं. बंदी आली, पण वैरण बंद झाली नाही. म्हणून बंदी टिकली.

इथंच मला त्या मैदानावरच्या वर्षांची आठवण होते. खेळाडू रोज पहाटे उठून तेच तेच करतो आणि निकाल महिन्यांनी दिसतो. श्रमदानालाही तेच लागतं. पोपटरावांनी ही सवय मैदानावरून आणली की घरून, ते माझ्यापेक्षा त्यांना ठाऊक. गावानं मात्र ती उचलली, हे डोंगरावर दिसतं.

थोडा वेळ आपण फार दूर जाऊ. अमेरिकेतलं डेट्रॉइट, २००९. मोटारींचं हे शहर उतरणीला लागलं आहे. गल्ल्यांमध्ये ओस घरं, बंद कारखाने. महापौर म्हणून एक उंच, पांढऱ्या केसांचा माणूस शपथ घेतो: डेव्ह बिंग. हा व्यावसायिक बास्केटबॉलचा नामांकित खेळाडू. १९६६ मध्ये डेट्रॉइट पिस्टन्सनं त्याला निवडलं, बारा हंगाम तो एनबीएत खेळला, निवृत्तीनंतर पोलादाचा धंदा उभारला, आणि १९९० मध्ये, म्हणजे पोपटरावांच्या सरपंचपदाच्या सुरुवातीलाच, बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं. पासष्टीत त्यानं शहराची धुरा घेतली. जुलै २०१३ मध्ये त्याच्याच कारकिर्दीत शहरानं दिवाळखोरी जाहीर केली. दोष त्याचा नव्हता. घसरण त्याच्या आधी कित्येक दशकं चालू होती. सॅक्रामेंटोचा महापौर झालेला केव्हिन जॉन्सन, सिनेटर झालेला बिल ब्रॅडली, हेही एनबीएचेच खेळाडू. तिघांचाही क्रम तोच: आधी खेळ, मग समाज.

सात लाखांच्या शहराची बाराशे-तेराशे वस्तीच्या गावाशी तुलना होत नाही, मी करतही नाही. मी क्रमाबद्दल बोलतो आहे. आपल्याकडेही गावाला माणूस मिळतो तो निवृत्तीनंतर. पेन्शन सुरू झाली, गुडघे बोलायला लागले की गावची माती आठवते. हिवरे बाजारला माणूस मिळाला तो ज्या वयात खेळाडू मैदानावर असतो त्या वयात. त्याच्यासमोर दोन-चार वर्षं नव्हती, तीस होती. चाळीस हजार चर आणि मोठी होणारी झाडं यांना तेवढाच काळ लागतो.

परत या. पावसाळा नुकताच संपलेला आहे आणि दशक नव्या शतकाचं पहिलं आहे. ग्रामसभेत फळ्यावर आकडे लिहिलेले आहेत. तुम्हाला वाटेल जमाखर्च आहे. आहेच, पण पाण्याचा. गावात पर्जन्यमापक आहेत, ठरावीक विहिरींची पातळी मोजली जाते, भूजल सर्वेक्षण यंत्रणेची मदत आहे. यंदा किती पडलं, किती मुरलं, माणसांना-जनावरांना किती लागेल, उरलेल्यात कोणतं पीक बसेल. पाऊस कमी तर रब्बीचं क्षेत्र कमी. ज्यानं कांद्याची स्वप्नं बघितली तो हळहळतो, आवाज चढतो, पुन्हा फळ्याकडे बोट जातं आणि आवाज उतरतो. पाण्याबद्दल भांडता येतं; मोजलेल्या पाण्याबद्दल भांडणं अवघड जातं.

नियम कडक आहेत. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही. उसाला, केळीला मनाई. सहकारी साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात, जिथं प्रवरेकाठी १९५० च्या सुमारास पहिला सहकारी कारखाना उभा राहिला, तिथल्या एका गावानं ऊस नको म्हणणं याला किती धैर्य लागतं, हे नगरच्या माणसाला विचारा. आणि जमीन बाहेरच्याला विकायची नाही. यातल्या एकाही नियमाला गावाबाहेरच्या कुणाची सही लागली नाही.

आता विहिरीत डोकवा. पूर्वी पाणी ऐंशी-सव्वाशे फुटांवर असायचं, तेही असलं तर. आता ते पंधरा-चाळीस फुटांवर हाताला लागल्यासारखं दिसतं. विहिरी नव्वदच्या दोनशे चौऱ्याण्णव झाल्या. पहाटे डेअरीवर या. नव्वदच्या दशकाच्या मध्यात दिवसाला दीडशे लिटर दूध जायचं, पुढे ते चार हजार लिटरपर्यंत गेलं. १९९५ मध्ये एकशे ऐंशी कुटुंबांपैकी एकशे अडुसष्ट दारिद्र्यरेषेखाली होती. २०१० मध्ये तीन. माणशी उत्पन्न कित्येक पटींनी वाढलं. मुंबई-पुण्याला गेलेली कुटुंबं सामान घेऊन परतली. दूध आलं म्हणजे खुराक आला. त्या घट्ट झालेल्या आखाड्याची आठवण ठेवून मी ही गोष्ट मुद्दाम सांगतो.

जानेवारी २०२१. गावात घोषणा आहेत, प्रचार आहे. तीस वर्षांत पहिल्यांदाच ग्रामपंचायतीची निवडणूक बिनविरोध होत नाहीये. काहींना हे वाईट लक्षण वाटलं. मला वाटलं नाही. तीस वर्षं एकमतानं चाललेल्या गावात कुणाला उभं राहावंसं वाटलं, तर लोकशाहीत तो त्याचा हक्कच. मतं मोजली गेली आणि सातपैकी सातही जागा पोपटरावांच्या पॅनेलला मिळाल्या. बिनविरोध निवडीवर कुणी शंका घेऊ शकतो. मोजलेल्या मतांवर नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात राष्ट्रपती भवनात जा. २०२० चे पद्म पुरस्कार करोनामुळे आता दिले जाताहेत. पद्मश्रीच्या त्या वर्षीच्या यादीत झहीर खानशिवाय नगर जिल्ह्याची आणखी दोन नावं आहेत: अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या बीजमाता राहीबाई पोपेरे आणि हिवरे बाजारचे पोपटराव पवार. एकीनं गावात राहून बियाणं राखलं, दुसऱ्यानं गावात येऊन पाणी. राज्याच्या आदर्श गाव समितीचं कार्याध्यक्षपद सांभाळून पोपटराव आज इतर गावांनाही हीच वाट दाखवतात.

आता तुमच्या वर्षात परता. तुमच्या गावातही एखादी तरुण मुलगी किंवा मुलगा असेल, शिकलेला, मैदान गाजवणारा, जाण्याच्या तयारीत. त्यांना अडवू नका. झहीर आणि अजिंक्य गेले ते बरंच झालं. पण एखादा थांबायला तयार असेल तर त्याला एकटं पाडू नका. १९८९ मध्ये हिवरे बाजारच्या पोरांनी एका माणसाला नुसतं बोलावलं नाही, पुढची सगळी वर्षं त्याच्यासोबत टिकाव उचलला. महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते. यातली जी तारीख आधी येईल त्या दिवशी गावी जा, मागच्या रांगेत बसू नका, आणि आपल्या गावात गेल्या पावसाळ्यात किती मिलिमीटर पाऊस पडला हा एकच प्रश्न विचारा. उत्तर कुणाकडे नसेल, तर पर्जन्यमापकाची वर्गणी तिथंच गोळा करा.